वाघोटणच्या खाडीत बांधलेलं अवकाशयान : जुन्या काळाने पाहिलेलं भविष्य ब्लेंडरमध्ये कसं घडवावं

१९५० च्या दशकातल्या चित्रांमधलं अवकाशयान डोळ्यांसमोर आणा. पोटाशी फुगीर, नाकाशी निमुळतं, मागे तीन पंख, गोल खिडक्या आणि शेपटीवर ताठ उभं. असं यान कधी अवकाशात गेलं नाही, तरी आजही ते पटतं, कारण ते काढणाऱ्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता. ते कशाचं बनेल, कोण बांधेल, माणसं आत कुठून शिरतील याचा त्यांनी विचार केलेला असायचा. संगणकावर हौसेने मॉडेल करणाऱ्याने पहिली उचलायची गोष्ट हीच. सिलिंडरला तीन त्रिकोण चिकटवून लाल रंग दिला की खेळण्यातलं रॉकेट तयार होतं. यान व्हायचं तर पत्रा किती रुंदीचा मिळाला, तो कुठे जोडला, शिडी कुठे टेकते, हे मॉडेलमध्ये दिसायला हवं.

कोकणात राहणाऱ्याला यात मोठी सोय आहे. वाकदार पृष्ठभाग हाताने बांधणारी माणसं अजून आपल्या शेजारी काम करतात. लाकडी होडी बांधणारे मेस्त्री जे प्रश्न रोज सोडवतात, तेच प्रश्न फुगीर रॉकेट बांधताना येतात. म्हणून या लेखात मी एकच यान सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधणार आहे. कल्पना अशी : साल १९५५, जागा विजयदुर्गजवळ गिर्ये इथली वाघोटण खाडीतली जुनी आरमारी गोदी. उंची २४ मीटर, पोटाशी व्यास ५ मीटर, आत तीन माणसं. नाव ‘दर्यासारंग’. सॉफ्टवेअर ब्लेंडर, त्रिमितीय मॉडेल करण्याचं, जे फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. वस्तू हलवणं, फिरवणं, एडिट मोडमध्ये जाणं एवढं येत असेल तर पुढचं जमेल.

आधी साल ठरवा

‘जुन्या काळचं भविष्य’ ही एक शैली नाही, अनेक आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की यान कुठलंच राहत नाही. १९४२ मध्ये यशस्वीपणे उडालेलं जर्मनीचं व्ही-२ हे क्षेपणास्त्र १४ मीटर लांब आणि १.६५ मीटर जाड होतं. महायुद्धानंतर चित्रकारांपुढे खरं रॉकेट म्हणून तेच होतं, त्यामुळे पुढची दहा-बारा वर्षं सगळी चित्रं त्याच आकाराभोवती फिरली. १९५२ ते १९५४ या काळात अमेरिकेतल्या ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकात रॉकेट अभियंते वेर्नर फॉन ब्राउन यांच्या लेखांसोबत चेस्ली बोनस्टेल यांची चित्रं आली, त्यांतली अजस्र पंखवाली रॉकेटं आणि चाकासारखं फिरणारं ७६ मीटर व्यासाचं अवकाशस्थानक हे त्या काळाचं सर्वांत गंभीर स्वप्न.

मग ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक वर गेलं. ५८ सेंटिमीटरचा चकचकीत गोळा आणि चार लांब अँटेना. अवकाशात हवाच नाही, मग निमुळतं अंग कशाला, हे लोकांना दिसलं आणि चित्रांमधली यानं गोळे, नळ्या, तबकड्या यांची होऊ लागली. पृष्ठभागभर बारीकसारीक पेट्या, पाइप आणि खाचा असलेलं यान त्याहूनही नंतरचं. १९५५ च्या यानावर तसला तपशील आला की काळ मोडतो.

पंखांचं मूळ आणखी एक आहे. १९४८ च्या कॅडिलॅक मोटारीला मागे जे छोटे पंख फुटले ते पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून घेतलेले होते, आणि १९५९ पर्यंत ते वाढत वाढत टोकाला गेले. म्हणजे पंखांची उंची पाहूनही यानाचं साल सांगता येतं. आपलं १९५५ चं, तेव्हा पंख ठसठशीत पण मिरवणारे नकोत.

भारतीय वळण हवं असेल तर १९६३ सालही मोहात पाडणारं आहे. त्या वर्षी २१ नोव्हेंबरला केरळातल्या थुंबा इथून पहिलं रॉकेट उडालं, तिथे चर्चच्या इमारतीत कार्यालय होतं आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात. पण ती रॉकेटं बारीक, सडपातळ, माणूस न नेणारी. तो वेगळा प्रकल्प होईल, आणि कुणीतरी तो मनावर घ्यावा अशी माझी फार इच्छा आहे.

संदर्भ गोळा करणं

इंटरनेटवरची रॉकेटची चित्रं पाहाच, पण ती पाहून केलेलं मॉडेल इतर हजार मॉडेलांसारखं दिसतं. त्यापेक्षा एक सकाळ होड्या बांधतात तिथे घालवा. मालवण, वेंगुर्ला, हर्णै, रत्नागिरी, कुठेही खाडीकाठी एखादी होडी ओंडक्यांवर चढवलेली असतेच. ‘मेस्त्री, फोटो काढले तर चालतील ना?’ असं विचारलं की बहुतेक वेळा काम थांबवून माहितीही मिळते. तीन गोष्टी टिपा. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, जाताना फळ्या निमुळत्या होत जातात, सारख्या रुंदीच्या राहत नाहीत. शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे एका रेषेत येऊ देत नाहीत. आणि वांकांवरून, म्हणजे होडीच्या लाकडी फासळ्यांवरून, एक लवचीक पट्टी ताणून धरतात आणि डोळा तिच्या रेषेत आणून बघतात, कुठे फुगवटा किंवा खोलगट आहे का ते. या तिन्ही गोष्टी आपल्याला लागणार आहेत.

फोटो जवळून काढू नका. लांब उभं राहून झूम करून, वस्तूच्या बरोबर बाजूने काढा, म्हणजे प्रमाणं बिघडत नाहीत. दीपगृह, पितळी स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, जुन्या मोटारीचं बॉनेट, बोटीच्या इंजिनाचं झाकण, जुन्या घराच्या दाराची कडी यांचेही फोटो जमवा. १९५५ चा कारागीर जे हाताशी होतं तेच यानाला लावणार.

मग कागद. यानाची बाहेरची आकृती अंगठ्याएवढी काढा आणि पेनने पूर्ण काळी भरून टाका. अशा बऱ्याच काढा. काळ्या ठिपक्यातही यान ओळखू आलं पाहिजे. इथे लांबी आणि जाडी यांचं प्रमाण सगळं ठरवतं. व्ही-२ चं प्रमाण साधारण साडेआठ येतं, म्हणून ते शस्त्र वाटतं. ते चार ते पाचवर आणलं की पोट येतं, यानात माणसं राहतात असं वाटायला लागतं. आपलं २४ भागिले ५, म्हणजे ४.८.

अंग

ब्लेंडरमध्ये एकक मेट्रिक आणि एक युनिट म्हणजे एक मीटर ठेवा. मापं खरी असली की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. पहिल्या मिनिटाला १.७ मीटर उंचीचा एक ठोकळा करून बाजूला उभा करा. तो तुमचा खलाशी. शेवटपर्यंत त्याला काढू नका.

अंगासाठी सिलिंडर घेऊन खेचत बसण्यापेक्षा स्क्रू मॉडिफायर (मॉडिफायर म्हणजे मूळ आकार न मोडता त्यावर बदल करणारी सोय) कितीतरी चांगला. सावंतवाडीत लाखेची खेळणी करणारे लाकूड फिरतं ठेवून हत्याराने त्याची बाह्यरेषा काततात, तसं इथे आपण फक्त अर्धी बाह्यरेषा काढतो आणि ती अक्षाभोवती फिरते. प्लेन, म्हणजे सपाट चौकोन, आणा, एडिट मोडमध्ये सगळे बिंदू निवडून एम दाबा आणि ‘अ‍ॅट सेंटर’ने ते एकत्र करा. एक बिंदू उरेल. समोरच्या दृश्यात राहून ई (एक्स्ट्रूड, म्हणजे बिंदू पुढे ओढणं) दाबत दाबत नऊ बिंदूंची रेषा करा. जमिनीपासूनची उंची आणि अक्षापासूनचं अंतर मीटरमध्ये असं :

उंची २ : अंतर १.०
उंची ४ : अंतर १.५५
उंची ७ : अंतर २.२
उंची ११ : अंतर २.५
उंची १५ : अंतर २.२५
उंची १८.५ : अंतर १.६५
उंची २१.५ : अंतर ०.८५
उंची २३.३ : अंतर ०.३
उंची २४ : अंतर ०

सर्वांत जाड भाग मध्याच्या थोडा खाली ठेवला आहे. तो मध्याच्या वर नेला की यान डोकेजड दिसतं.

वस्तूचा ओरिजिन, म्हणजे ती ज्याभोवती फिरते तो बिंदू, बरोबर मध्य अक्षावर आहे ना ते पाहा, नाहीतर मधे भोक पडेल. स्क्रू मॉडिफायरमध्ये अक्ष झेड, कोन ३६०, ‘मर्ज’ चालू. पायऱ्या २४ ठेवा, आणि व्ह्यूपोर्टच्या व रेंडरच्या अशा दोन्ही रकान्यांत तोच आकडा भरा. २४ च का? पंख तीन, पत्रे आठ, दाराच्या कडेचे बोल्ट बारा, आणि २४ ला या सगळ्यांनी भाग जातो. ३२ घेतलंत तर तीन पंख कधीच कडांवर नीट बसणार नाहीत. त्यानंतर सबडिव्हिजन सरफेस, पातळी २, आणि ‘शेड स्मूथ’. अंग आतून काळं किंवा विचित्र दिसलं तर मॉडिफायरमधला ‘फ्लिप’ दाबून पाहा.

आता मेस्त्रींची पट्टी. सॉलिड दृश्यात एखादा चमकदार मॅटकॅप (चमक दाखवणारा तयार मुलामा) लावा आणि यान हळूहळू फिरवा. चमकेची रेषा नाकापासून शेपटीपर्यंत अखंड वाहिली पाहिजे. ती जिथे अडखळते, वळवळते, तिथे बिंदू चुकीच्या जागी आहे. तो बिंदू एक-दोन सेंटिमीटर आत-बाहेर करा. बिंदू वाढवून वक्र सुधारत नाही, उलट प्रत्येक नवा बिंदू हा नव्या खड्ड्याची जागा. या कामाला वेळ द्या, अगदी कंटाळा येईपर्यंत द्या. अंगाची रेषा सुंदर असेल तर बाकी सगळं साधं ठेवलं तरी यान देखणं होतं, आणि ती बिघडली असेल तर कितीही रिव्हेटं मारा.

नाकाच्या टोकावर सगळ्या कडा एकवटतात आणि चमक चुरगळते. तिथे वेगळी पितळी टोपी बसवा, वर बारीक अँटेना. खऱ्या पत्रेकामातही टोकाला असंच झाकण घालतात.

पंख

पंख एकच करायचा. अंगाच्या बाजूने पाहून त्याची आकृती काढा : वरचं टोक साधारण ९ मीटरवर अंगाला टेकलेलं, तिथून बाहेर झुकत खाली आलेलं, आणि खालचं टोक शून्यावर, म्हणजे जमिनीवर. पंख म्हणजेच पाय. बूड २ मीटरवर ठेवलं ते याचसाठी, नोझलला खाली मोकळी जागा हवी. तीन पायांची वस्तू खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, म्हणून मला चारांपेक्षा तीन पंख पटतात, जरी व्ही-२ ला चार होते.

जाडी सगळीकडे सारखी ठेवू नका. अंगाशी ४० सेंटिमीटर, बाहेरच्या कडेला ८. मुळाचा भाग अंगात २० सेंटिमीटर घुसवा. मग कंट्रोल + ए ने स्केल पक्कं करा, पंखाचा ओरिजिन जगाच्या मध्यावर आणा, तिथेच एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी खुणेची वस्तू) ठेवून तिला झेड अक्षाभोवती १२० अंश फिरवा. पंखाला प्रती काढणारा अ‍ॅरे मॉडिफायर, संख्या ३, ‘रिलेटिव्ह ऑफसेट’ बंद, ‘ऑब्जेक्ट ऑफसेट’ चालू आणि त्यात ती एम्प्टी.

नवख्याचं काम ओळखू येतं ते पंख अंगाला भेटतो त्या रेषेवर. दोन वस्तू एकमेकींत घुसलेल्या दिसतात, बस्स. बूलियनने दोन्ही वस्तू एकजीव करून ती कड गोल करता येते, पण त्यात बिंदू-कडांची जाळी बिघडते आणि दुरुस्तीत दिवस जातो. त्याऐवजी जोडावर १५ सेंटिमीटर रुंदीची, दोन्हीकडे वळणारी पत्र्याची पट्टी बसवा. कारखान्यातही तेच केलं असतं.

पत्रा आणि जोड

हा माझा सर्वांत आवडता भाग. बाजारात मिळणारा पत्रा साधारण चार फूट बाय आठ फूट, म्हणजे १.२२ बाय २.४४ मीटर. आपल्या यानाच्या पोटाचा घेर १५.७ मीटर. सहा पत्र्यांत तो मावत नाही, आठ पत्रे घेतले की प्रत्येक जेमतेम दोन मीटरचा होतो. उंचीत दर १.२ मीटरला एक आडवा जोड. वरच्या कड्यातले उभे जोड खालच्या कड्याच्या जोडांवर येऊ देऊ नका, होडीतल्या फळ्यांसारखे ते सरकवा.

आणखी एक. पत्रा एका दिशेने सहज वाकतो, दोन्ही दिशांनी वाकवायचा तर ठोकून ताणावा लागतो. म्हणून यानाच्या पोटावर मोठे पत्रे चालतात, पण नाकाकडे त्यांच्या अरुंद पाकळ्या झाल्या पाहिजेत, वर जाताना निमुळत्या होत जाणाऱ्या. नाकावरही चौकोनी पत्र्यांचीच जाळी चालू ठेवली की बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आडव्या पट्ट्यांसाठी अंगाच्या जाळीला हात लावायची गरज नाही. अंगापेक्षा मोठं, ३ मीटर त्रिज्येचं, ९६ बिंदूंचं पोकळ वर्तुळ घ्या, झेड दिशेने १० सेंटिमीटर एक्स्ट्रूड करा. त्याला क्रमाने तीन मॉडिफायर : अ‍ॅरे, दर १.२ मीटरला एक. श्रिंकरॅप, पद्धत ‘प्रोजेक्ट’, ‘निगेटिव्ह’ चालू, ऑफसेट १ सेंटिमीटर, लक्ष्य म्हणून यानाचं अंग. शेवटी सॉलिडिफाय, जाडी १ सेंटिमीटर. सगळ्या पट्ट्या अंगाला जाऊन चिकटतील, आणि नंतर अंगाची रेषा बदललीत तरी त्या स्वतःहून जुळवून घेतील. वर्तुळाचे पृष्ठ बाहेर तोंड करून आहेत याची मात्र खात्री करा. उभे जोड टेक्स्चरमध्ये बंप देऊन भागतात.

रिव्हेटांचा हिशोब करा. २४ मीटरचं यान १०८० पिक्सेल उंचीच्या चित्रात पूर्ण भरलं तर एका पिक्सेलमध्ये सव्वादोन सेंटिमीटर येतात. खरं रिव्हेट त्याहून मोठं क्वचितच. म्हणजे पूर्ण यानाच्या चित्रात रिव्हेट दिसणारच नाही, आणि दिसतंय एवढं मोठं केलंत तर यान तीन मीटरचं वाटेल. दाराभोवती, खिडक्यांभोवती, जिथे कॅमेरा जवळ जाणार तिथेच ती लावा.

खिडकी, दार, शिडी

खिडक्या गोल आणि लहान, ४० सेंटिमीटरच्या, पितळी कड्यात बारा बोल्ट. १९५४ मध्ये कॉमेट या ब्रिटिश जेट प्रवासी विमानांच्या अपघातांच्या तपासात दिसलं, की आतल्या हवेच्या दाबाने धातू थकतो आणि काटकोनी भोकांच्या कोपऱ्यांपाशी तडे जातात. १९५५ चा अभियंता ते वाचून बसलेला असणार. दार १.८ मीटर उंच, कोपरे चांगले गोल. शिडीच्या पायऱ्यांत ३० सेंटिमीटर अंतर. यान किती मोठं आहे हे बघणाऱ्याला खरं सांगते ती ही शिडी, म्हणून तिचं माप चुकवू नका. ती दोन पंखांच्या मधोमध उतरवा.

रंग, गंज आणि नाव

रंगासाठी पुन्हा बंदरावर जा. आपल्या होड्यांवर दोन-तीन ठळक रंगांचे आडवे पट्टे असतात. ‘दर्यासारंग’ला मी खालून लाल पंख, मग उघडा धातू, आणि नाकाकडे फिकट निळा दिला. प्रिन्सिपल्ड शेडरमध्ये उघड्या धातूला मेटॅलिक १ आणि रफनेस ०.३५ च्या आसपास, ऑइल पेंटला मेटॅलिक ०. मेटॅलिक ०.५ असा मधला आकडा टाळा, तसा पदार्थ प्रत्यक्षात नसतो.

गंज काढण्याआधी जेटीवरचा एखादा बोल्ट नीट बघा. बोल्टचं डोकं काळपट तपकिरी असतं. खरा ओघळ सुरू होतो त्याच्या खालच्या कडेपासून, वर गडद व रुंद, खाली जाताना फिका आणि बारीक. बाजूचा रंग फोडासारखा उचललेला असतो आणि फोड फुटला तिथे कड पांढरट दिसते. गंज सगळीकडे सारखा शिंपडलेला कधीच नसतो, तो पाण्याच्या वाटेने जातो. अ‍ॅल्युमिनियमला तर लाल गंज चढतच नाही, खाऱ्या हवेत त्यावर पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे येतात. तेव्हा लाल ओघळ फक्त पोलादी बोल्ट, शिडी आणि पंखांचे पाय यांच्याखाली, आणि तेही मोजके. हे यान नवं, अभिमानाने रंगवलेलं आहे.

नाव लिहिताना एक अडचण हमखास येईल. ब्लेंडरच्या टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये देवनागरी नीट जुळत नाही : रफार जागेवर बसत नाही, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटतात. उपाय सोपा आहे. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप करा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, एसव्हीजी म्हणून साठवा आणि ते ब्लेंडरमध्ये आयात करा. अक्षरं वक्ररेषा म्हणून अचूक येतात. किंवा पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी काढून, भरपूर तुकडे केलेल्या प्लेनवर लावून, ते प्लेन श्रिंकरॅपने अंगाला चिकटवा. वळणदार पृष्ठभागावर दुसरी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. होडीवर नाव रंगवणारे शिरोरेषा फळीच्या वळणाला धरून ओढतात, तशी इथे ती आडव्या पट्टीला समांतर ठेवा. आकडे देवनागरीच.

उजेड आणि रेंडर

धातूला स्वतःचा रंग फारसा नसतो, भोवतालचं जग त्यात दिसतं. रिकाम्या दृश्यात चकचकीत यान मळकट राखाडी दिसतं आणि लोक मटेरियल बदलत बसतात. पॉली हेवनवरून समुद्रकिनाऱ्याचा किंवा ढगाळ आकाशाचा एचडीआरआय, म्हणजे दृश्याला उजेड देणारं चहूबाजूंचं चित्र, मोफत घ्या. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे खाडीच्या मुखाशी उभ्या यानावर संध्याकाळचा उजेड सरळ, जवळजवळ आडवा येतो. एक सन लाइट क्षितिजापासून दहा-बारा अंशांवर ठेवा. खाली जांभ्या दगडाचा चौथरा करा, त्याचा तांबूस रंग पोटाच्या खालच्या वळणावर उमटतो.

कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, १.६ मीटरवर, ३५ मिलिमीटरची लेन्स. यान अंगावर येतं. जुन्या मासिकातल्या चित्रासारखं शांत दृश्य हवं असेल तर लांब जा आणि ८५ मिलिमीटर वापरा. खलाशी ठोकळ्याच्या जागी आता खरी आकृती ठेवा, शिडीच्या पायथ्याशी.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ईव्ही या ब्लेंडरच्या वेगवान रेंडर इंजिनावर काम करा आणि शेवटचं एकच चित्र सायकल्स या संथ पण जास्त खऱ्या इंजिनावर, १२८ सॅम्पल आणि डीनॉइज लावून. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून प्रेफरन्सेसमध्ये ऑटो सेव्ह दर दोन मिनिटांवर आहे ना ते तपासा. फाइल गेली तर ‘रिकव्हर’मध्ये ‘ऑटो सेव्ह’ पाहा. यान फिरताना दाखवायचं असेल तर थेट व्हिडिओ काढू नका, पीएनजी चित्रांची मालिका काढा. अडीचशेव्या फ्रेमला लाइट गेली तरी आधीची सगळी चित्रं शाबूत राहतात, आणि पुढचं रेंडर तिथूनच सुरू करता येतं.